ओढून बघणारा

३ मार्च, मंगळवार

हात काचेला लागणार तेवढ्यात पहारेकरी म्हणाला, "बाई, मागे." मी मागे झाले नाही. मग तो स्वतःच मधे येऊन उभा राहिला. तुझ्या वयाचा असेल. गळ्यात शिट्टी होती, ती त्याने वाजवली नाही. रांगेतले लोक बघायला लागले तेव्हा मी हात कोटाच्या खिशात घातला.

दादा, मी किल्ल्यावर आले होते. सकाळी, तिकीट काढून, सगळ्यांसारखी. आता खाली पुलाजवळच्या लॉजमध्ये बसून लिहिते आहे. कारखान्यात चार दिवस काम नव्हतं, म्हटलं जाऊन यावं. सहज.

अकरा वर्षांत बरंच बदललं आहे. वरच्या दरवाज्यात लोखंडी फिरकी बसवली आहे, एका वेळी एकच माणूस आत जातो. दक्षिण दरवाज्याखालच्या आपल्या कामाच्या खोलीत आता लोकांचे कोट आणि छत्र्या ठेवतात. पश्चिमेच्या भिंतीत बाबांनी बसवलेले दगड मात्र तसेच आहेत, जुन्या भिंतीच्या दोन बोटं आत. एक बाई नवऱ्याला म्हणत होती, बघा कसं अर्धवट काम केलंय, सरळ ओळीतसुद्धा लावता आले नाहीत. बाबा असते तर तिला तिथेच थांबवलं असतं. नवा दगड मुद्दाम आत घ्यायचा असतो, त्याने जुन्याचं सोंग घ्यायचं नसतं. दुरुस्ती दिसली पाहिजे, नाही दिसली तर ती लबाडी. हे आपण दोघांनी किती वेळा ऐकलं असेल.

मग बुरुजावरच्या खोलीत गेले. नदीकडची खिडकी तीच. खाली नदी किल्ल्याला तीन बाजूंनी वळसा घालून जाते, पाणी इतकं उतरलं आहे की वरूनही तळ दिसतो. खिडकीसमोर पूर्वी काही नव्हतं. आता काचेची पेटी आहे, वर दोन दिवे, आणि आत चेहरा. पाटी तूच लिहिली असशील, तुला पाठ असेल. तरी उतरवून काढते.

"अज्ञात राणी. सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे शिल्प. बुरुजाच्या पायात सापडले. टाकीच्या घावांवरून शिल्पकार डावखुरा असावा. डाव्या पापणीची उतरती ठेवण ही कारागिराची चूक."

माझ्या पुढचा माणूस म्हणाला, हिला कोणीतरी चहा द्या रे, झोपेतून उठवलंय बिचारीला. त्याची बहीण म्हणाली, मला तर शाळेतल्या मुख्याध्यापिकेची आठवण झाली, अशीच एका डोळ्याने सगळं बघायची. सगळे हसले. मीही हसले असते. चेहरा हसण्यासारखाच आहे, तिला स्वतःलाही हसू यायचं.

मी तीन वेळा रांगेत उभी राहिले. तिसऱ्या वेळी हात पुढे गेला.

ती आई आहे, दादा. मी घडवलेली. मला वाटत होतं ती नदीत आहे. तू तसं सांगितलं होतंस.

पत्र वरच्या दरवाज्यातल्या पेटीत टाकते. कचेरीत विचारलं होतं, साहेब बैठकीत आहेत म्हणाले. वहिनीला नमस्कार सांगू नकोस. कोणाचा म्हणून विचारेल.


५ मार्च, गुरुवार

सहज आले असं लिहिलं ते खरं नव्हतं.

मी आता स्वयंपाकघरातले ओटे कापते. तुला माहीत असेल किंवा नसेल. पाण्याच्या धारेखाली फिरणारं पातं असतं, दगड आपण नुसता सरकवायचा. टाकी हातात धरावी लागत नाही, म्हणून तर ते काम धरलं. मागच्या महिन्यात एका घरी माप घ्यायला गेले. ओटा खिडकीखालचा, एका कोपऱ्यात भिंत किंचित तिरकी. माप घेता घेता फ्रिजकडे बघितलं. दारावर किराणा मालाची यादी होती आणि ती एका चुंबकाने धरली होती. चुंबकावर आई होती.

अंगठ्याएवढी. दोन्ही डोळे नीट उघडे.

मी घरातल्या बाईला विचारलं, ही कोण. तिने किल्ल्याचं नाव सांगितलं. म्हणाली, तिथली राणी, फार प्रसिद्ध आहे, तुम्ही गेला नाहीत कधी? मी म्हटलं, नाही. तो ओटा मी चार बोटं आखूड कापला. आठ वर्षांत पहिल्यांदा. मालकाने दगड वाया गेल्याबद्दल काही म्हटलं नाही, फक्त विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, घरी कोणी नाही.

तर काल परत वर आले. खोलीत गेले नाही. बाहेर पडताना जे दुकान लागतं, तिथे गेले. मांडणीवर त्रेचाळीस आया होत्या, प्लास्टरच्या, तीन आकारांत. मी एक हातात घेतली. डावी पापणी उजवीसारखीच वर. विकणारी मुलगी गोड आहे. म्हटलं, मूळ चेहऱ्याची एक पापणी खाली आहे ना? ती म्हणाली, हो, पहिल्या वेळी तशाच काढल्या होत्या, पण लोक परत आणून द्यायचे. माल खराब निघाला म्हणायचे. मग साहेबांनी स्वतः बसून साचा दुरुस्त केला.

स्वतः बसून.

तिच्या अर्ध्या चेहऱ्यावरून वारं गेलं तेव्हा तू गावाबाहेर पुलाच्या कामावर होतास. नंतर ती समोर बसली त्या चाळीस संध्याकाळी तू नव्हतास, म्हणून सांगते. चुन्याचं घमेलं पालथं घालून ती त्यावर बसायची. पाच मिनिटांत पेंगायची. मी म्हणायचे, आई, मान. ती मान वर करून म्हणायची, मी जागीच आहे, एकच डोळा झोपलाय. पहिल्याच दिवशी मी पापणी जरा उचलून आखली होती, तिला बरं वाटावं म्हणून. तिने आखणी बघितली आणि कोळशाची रेघ स्वतःच्या पदराने पुसली. म्हणाली, "दोन्ही सारखे करू नकोस. लोक मला ओळखणार नाहीत."

कारागिराची चूक.

तू माझं काम चोरलंस याचा राग कसा करायचा ते मला येतं. पण तू आईचा डोळा उघडलास, त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.


८ मार्च, रविवार

तुझं उत्तर नाही. तिकीटवाली म्हणते, पत्रं साहेबांच्या टेबलावर ठेवली आहेत, तिने स्वतः ठेवली. मालकाचा फोन आला होता, सुट्टी वाढवली आहे.

आज गाठीबद्दल लिहिते. अकरा वर्षांत हा शब्द मी कोणापुढे काढला नाही. बाबांनीही शेवटपर्यंत माझ्याशी गाठीचा विषय काढला नाही, आणि दुसराही कुठला काढला नाही.

आई जाऊन बारा दिवस झाले होते. मला चेहरा घरी हवा होता, पायरीशेजारी, जिथे ती बसायची. तू म्हणत होतास, दगड किल्ल्याचा आहे, किल्ल्यातच राहू दे. दगड फेकून दिलेल्यांतला होता, बाबांनी मला सरावाला दिलेला, तरी तू तसं म्हणालास. आपण भांडलो. सकाळी मी आले तर तू चेहरा पेटीत घालून, भुसा भरून, वरून खिळे ठोकून तयार. म्हणालास, ने बाई, तुझंच खरं. मला वाटलं, तू हरलास. मला वाईटसुद्धा वाटलं.

हातगाडीवर पेटी ठेवली. मी दोरी बांधली. आपली रीत तुला सांगायला नको, पण सांगते, कारण पुढचं तिच्यावर आहे. बांधणाऱ्याने स्वतःची गाठ तपासायची नाही. एकाने बांधायची, दुसऱ्याने ओढून बघायची, आणि ओढून बघणाऱ्यानेच दोरीचं मोकळं टोक गाडीच्या लोखंडी कडीत अडकवायचं. आपली गाठ प्रत्येकाला चांगलीच वाटते, बाबा म्हणायचे. मी बांधली. तू ओढून बघितलीस. टोक तू अडकवलंस. मी पुढे ओढायला, तू मागून धरायला. तिसऱ्या वळणावर, जिथे कठडा पडलेला होता आणि खाली सरळ नदी, तिथे गाडी एकदम हलकी झाली. तो हलकेपणा अजून माझ्या खांद्यात आहे. मग खालून आवाज आला.

तू म्हणालास, "गाठ सुटली."

मी मानलं. का मानलं ते लिहिते. बांधताना मी रागात होते. शेवटचा वेढा घेतला की नाही ते मला आठवत नव्हतं. अजून आठवत नाही. अकरा वर्षं मी रोज ती दोरी मनात बांधते आणि शेवटच्या वेढ्याशी येऊन थांबते.

ऑक्टोबर होता, नदी दुथडी. पाणी उतरेपर्यंत सहा आठवडे थांबले. मग रोज कामानंतर कंबरभर पाण्यात उतरून पायांनी तळ चाचपत होते. तळव्यांना नाक लागेल, हनुवटी लागेल, म्हणून. दमले की एका सपाट दगडावर उभी राहायचे, श्वास घ्यायचे, परत सुरू. तू काठावर येऊन उभा राहायचास. एकदा तू टॉवेल आणला होतास. त्या टॉवेलाचा विचार मी गेले पाच दिवस करते आहे.

मग मी टाकी सोडली. ज्या हाताला गाठ मारता येत नाही त्याने दगड घडवू नये, असं मी सगळ्यांना सांगितलं. तू म्हणालास, तुझी मर्जी.

आता ऐक. मला दगड परत नको. पेटीत राहू दे, दिव्याखाली राहू दे, राणी म्हणा. मला दोन गोष्टी हव्यात. पाटीवरची "कारागिराची चूक" ही ओळ काढ. आणि मला एका कागदावर लिहून दे: गाठ सुटली नव्हती. एवढंच. तीन शब्द, तुझ्या अक्षरात.

शनिवारी पुराणवस्तू खात्याच्या बाई नऊ वाजता कचेरीत येतात, असं तिकीटवाली म्हणाली. शुक्रवारपर्यंत तुझा कागद आला नाही तर मी त्यांना भेटेन. तू म्हणशील, ओटे कापणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार. म्हणून सांगून ठेवते. चेहरा उभा राहावा म्हणून मी बुडाला खुंटीसाठी भोक पाडलं होतं. खुंटी कधी बसवलीच नाही. आई गेली त्या दिवशी तिच्या केसांतली पिन मी त्या भोकात टाकली आणि वर शिसं ओतलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या राणीच्या पोटात पोलादी पिन कशी, हे त्यांना तू समजावून सांग.

आधी तुला सांगते आहे, कारण रीत तशी आहे. मी बांधली, तू ओढून बघ.


११ मार्च, बुधवार

काल तुझा फोन आला. इथला फोन जिन्याखाली आहे. लॉजवाल्या बाई शेजारी चादरींच्या घड्या घालत होत्या, तू बोललास तोवर त्यांनी सतरा चादरी घडी केल्या. म्हणजे तू बराच वेळ बोललास.

तू काय बोललास ते लिहून ठेवते. उद्या तू म्हणालास की असं नव्हतंच, तर माझ्याकडे असू दे.

तू म्हणालास, त्या वर्षी काम बंदच होणार होतं. बुरुज उतरवून त्याचे दगड क्रमांक घालून ठेवायचे, असा हुकूम निघाला होता. बाबांना तू सांगितलं नव्हतंस. किल्ल्याला एक चेहरा हवा होता, तू दिलास. आज चाळीस माणसं तिथे कामाला आहेत, छपरं गळत नाहीत, बुरुज उभा आहे. बाबांचा बुरुज. हे सगळं तू सरळ आवाजात सांगितलंस, पाहुण्यांना सांगत असशील तसं. मला ते पटत होतं. हे मी लपवत नाही.

मग म्हणालास, "आईला रोज चारशे माणसं बघतात. तुझ्याकडे असती तर कोपऱ्यात असती. तिच्यावर तू टॉवेल वाळत घातले असतेस."

घातले असते कदाचित. आईने काही म्हटलं नसतं.

बाबांना माहीत होतं का, असं मी विचारलं. तू म्हणालास, त्यांचे डोळे गेले होते तोवर, ते बुरुजावर आलेच नाहीत. म्हणजे माहीत नव्हतं. म्हणजे ते माझ्याकडे पाठ करून निजायचे ते खरोखर माझ्याच गाठीमुळे. तू त्याच खोलीत बसून त्यांना औषध द्यायचास आणि बघायचास.

मी विचारलं, "गाठ सुटली होती का?"

तू म्हणालास, "डावरे, किती जुनी गोष्ट."

या नावाने तू अकरा वर्षांत हाक मारली नव्हतीस. लॉजवाल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, माझा चेहरा बदलला असणार. मी परत विचारलं. तू वहिनीच्या गुडघ्यांबद्दल सांगायला लागलास. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू जरा थांबलास. मला वाटलं, आता म्हणेल. तू विचारलंस, "ती पिन किती आत आहे?"

मी सांगितलं. एक बोट शिसं, त्याखाली. तू विचारलंस की मी सांगायचं, ही लहानपणापासूनची सवय. फोन ठेवल्यावर जिन्यात बसले. लॉजवाल्या बाई म्हणाल्या, नवरा का? म्हटलं, भाऊ. त्या म्हणाल्या, मग तर चहाच घ्या.

कागद अजून आला नाही. उद्या आणि परवा, दोन दिवस आहेत.


१३ मार्च, शुक्रवार

सकाळी नऊला वर गेले. काचेची पेटी रिकामी होती. दोन्ही दिवे चालू. आत चिठ्ठी होती, "स्वच्छतेसाठी हलवले आहे." तुझं अक्षर. मी मागितलेल्या तीन शब्दांऐवजी हे तीन.

पहारेकऱ्याने मला ओळखलं. हळूच म्हणाला, बाई, स्वच्छता कसली, ती गेली. पहाटे साहेबांनी हातगाडीवरून खाली न्यायला काढली होती, तिसऱ्या वळणावर पेटी घसरली आणि थेट नदीत. मी विचारलं, कशामुळे. तो म्हणाला, "गाठ सुटली म्हणे."

मी भिंतीला हात लावला. तिथे हात लावलेला चालतो.

कोणी बांधली होती, असं विचारलं. त्याने खाली कोटाच्या खोलीकडे मान केली.

पायरीवर बारीक बसला होता. आठवतो ना, बाबांच्या वेळचा गाडीवाला, दरवाज्यातून आडवा होऊन जायचा म्हणून बाबांनी त्याचं नाव बारीक ठेवलं होतं. अजून तेवढाच आहे. हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होता. मी समोर उभी राहिले तरी त्याला कळलं नाही.

"डावरी ना तू?" मग म्हणाला. "मिस्त्रींची?"

मी शेजारी बसले. तो म्हणाला, चाळीस वर्षं गाठ मारतोय, आज हाताला काय झालं कोण जाणे. दोन वर्षांनी घरी बसायचं होतं, आता उद्यापासूनच बस म्हणालेत. बायकोला अजून सांगितलं नाही. तिला राणी फार आवडायची, दर वर्षी येऊन बघायची. मग म्हणाला, "तुझ्या वेळी मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, डाव्या हाताची गाठ उलटी बसते, तिचा काय भरवसा. हसलो होतो मी."

"ओढून कोणी बघितली?"

"साहेबांनी. दुसरं होतं कोण?"

"टोक कडीत कोणी अडकवलं?"

"त्यांनीच."

"पेटीला खिळे?"

"मी आलो तेव्हा ठोकलेलेच होते." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "का गं?"

मी विचारलं, वळणावर आधी काय झालं, आवाज की दुसरं काही? त्याने डोळे मिटले. मोठा माणूस डोळे मिटून आठवताना लहान दिसतो. म्हणाला, "आधी गाडी हलकी झाली. मग आवाज."

मला आणखी काही विचारायचं उरलं नाही.

दादा, तुझा बेत मला दिसतो. पिन काढायला तुला दोनचार दिवस हवेत. मग चार माणसं नदीत उतरवशील आणि ती सापडेल. पहिल्यांदा पायात सापडली, आता नदीत सापडेल. लोक आणखी गर्दी करतील. फक्त बारीक नसेल. माझ्यानंतर कोणीतरी लागणारच होतं.

कागद येईल असं मला आज सकाळी नऊपर्यंत वाटत होतं. पायऱ्या चढताना मी तुझं अक्षर कसं असेल ते मनात काढत होते, ग ला तू लांब काना देतोस.

पण तू एक चूक केलीस. तीच गोष्ट परत वापरलीस आणि महिना बघितला नाहीस. तेव्हा ऑक्टोबर होता, नदी दुथडी. आता मार्च आहे. बुरुजावरून तळ दिसतो.

हे पत्र वरच्या पेटीत टाकणार नाही.


१४ मार्च, शनिवार

सकाळी साडेसहाला मी आणि बारीक तिसऱ्या वळणाखाली नदीत उतरलो. पाणी गुडघ्यापर्यंत होतं, थंड. पेटी काठापासून दहा पावलांवर होती. एका बाजूच्या फळ्या फुटल्या होत्या. दोरी पेटीभोवती तशीच होती आणि गाठ जागेवर होती, पाण्याने फुगून जास्तच आवळली होती. मोकळं टोक वाहत्या पाण्यात हलत होतं. ते तुटलेलं नव्हतं.

बारीकने हाताने एक फळी उपटली. आत भुसा होता, आणि भुशात कोरा दगड. किल्ल्याच्याच खाणीतला, चौकोनी कापलेला, दोन बाजूंना उचलायच्या चिमट्यासाठी खाचा.

त्याच्यापासून हातभर अंतरावर सपाट दगड होता, हिरवा. मी त्यावर उभी राहिले. पायांनी ओळखला. मग खाली उतरून शेवाळ खरवडलं. दोन बाजूंना खाचा होत्या. माप तेच.

बारीक बराच वेळ दोन्ही दगडांकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "म्हणजे गाठ सुटली नव्हती?"

मी म्हटलं, "नाही. सुटली नव्हती."

त्याने पेटी दोरीसकट खांद्यावर घेतली, गाठ सोडली नाही. नऊ वाजता कचेरी उघडली. खात्याच्या बाई आल्या होत्या. आम्ही दोघं ओल्या कपड्यांनी आत गेलो.